डबाबंद मांस, वायकिंग आणि माझ्या दीडशे मेल्स

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी एक पराक्रम केला होता. क्लायंटच्या लोकांना कामाची आठवण करून देणारी एक मेल रोज संध्याकाळी जायची. दर पाच मिनिटांनी जॉब उठणार, ज्यांना मेल गेली नाही त्यांना पाठवणार आणि 'पाठवली' अशी नोंद करणार. साधा प्रकार. मी कोडमध्ये एक किरकोळ बदल केला आणि ती नोंद करणारी ओळ अशा एका अटीखाली गेली की जी कधी पूर्णच होत नव्हती. टेस्टिंग? केलं होतं ना, एकदा चालवून! रात्री आठला डिप्लॉय करून मी घरी जाऊन निवांत झोपलो. सकाळी साडेआठपर्यंत प्रत्येकाला तीच मेल दीडशे वेळा गेली होती.

मॅनेजर एवढंच म्हणाला, "अरे, लोकांना स्पॅम का करतोयस?"

चूक कबूल होती, पण तो शब्द झोंबला. स्पॅम म्हणजे तुम्हाला लॉटरी लागली असं सांगणारे, नसती औषधं विकणारे. माझी मेल खरी होती, कामाची होती. तिला स्पॅम का म्हणायचं? त्या रागातच या शब्दाचा माग काढत गेलो.

स्पॅम हा मुळात एक डबा. अमेरिकेत मिनेसोटा राज्यातल्या ऑस्टिन गावच्या हॉर्मेल कंपनीने तो १९३७ साली बाजारात आणला. आत डुकराच्या खांद्याचं मांस, हॅम, मीठ, पाणी, साखर आणि मांस टिकावं म्हणून सोडियम नायट्राइट. डबा सीलबंद करून मगच शिजवायचा, त्यामुळे फ्रिजची गरज नाही. नावासाठी १०० डॉलरचं बक्षीस ठेवलं होतं, ते कंपनीतल्या एका अधिकाऱ्याच्या नट भावाने, केनेथ डेनोने, पटकावलं.

मग दुसरं महायुद्ध आलं आणि फ्रिजशिवाय टिकणाऱ्या या डब्याला सोन्याचे दिवस आले. दहा कोटी पौंडांहून जास्त स्पॅम दोस्त राष्ट्रांच्या सैन्यासाठी रवाना झालं. हे नसतं तर आमच्या सैन्याला खायला घालणं अवघड झालं असतं, अशी कबुली ख्रुश्चेव्हने आपल्या आठवणींत दिली आहे. ब्रिटनमध्ये १९४० साली सुरू झालेलं रेशनिंग युद्ध संपल्यावरही १९५४ पर्यंत चाललं. ताजं मांस मिळायची मारामार, पण स्पॅम असायचं. म्हणजे बघा, पदार्थ टाकाऊ नव्हता, उलट त्याने लोकांना जगवलं. फक्त तो सारखा सारखा पानात येत राहिला.

याच कंटाळ्यावर १५ डिसेंबर १९७० ला बीबीसीवर मॉन्टी पायथनचं एक प्रहसन झालं. एक जोडपं साध्याशा कॅफेत येतं. मेनूत जवळजवळ प्रत्येक पदार्थात स्पॅम. बाईला ते नकोय आणि तेवढंच तिला मिळत नाहीये. त्यात शेजारच्या टेबलांवर चक्क वायकिंग बसलेत. ते मध्येच स्पॅमचं गुणगान सुरू करतात आणि आवाज इतका चढतो की कोणाचंच बोलणं कोणाला ऐकू येत नाही. साडेतीनेक मिनिटांत हा शब्द शंभराहून जास्त वेळा येतो.

आपल्या धंद्यातले लोक मॉन्टी पायथनचे जुने भक्त. पायथन या भाषेचं नाव तिथलंच. म्हणून तर पायथनच्या उदाहरणांत व्हेरिएबलची नावं स्पॅम आणि एग्ज अशी दिसतात. १९८० च्या दशकात नेटवर्कवर मजकुरातून खेळायचे मड नावाचे गेम्स होते. तिथे एखादा आगाऊ माणूस तोच तो मजकूर ओतून बाकीच्यांचं बोलणं स्क्रीनबाहेर ढकलायचा. लोकांना ते वायकिंग आठवले आणि याला 'स्पॅम करणं' असं नाव पडलं.

म्हणजे मुद्दा मांसाच्या चवीचा नव्हताच. मुद्दा गोंगाटाचा होता.

आता खरी गंमत. यूजनेटवर हा शब्द गाजला तो ३१ मार्च १९९३ ला. रिचर्ड डेप्यू नावाच्या गृहस्थांनी निनावी पोस्ट आपोआप रद्द करणारा प्रोग्रॅम लिहिला होता. हेतू साफसफाईचा. पण करायला गेला गणपती आणि झाला मारुती. तो प्रोग्रॅम स्वतःच्याच पोस्टना उत्तरं देत सुटला आणि एका ग्रुपवर सुमारे २०० पोस्ट जाऊन आदळल्या. कोणीतरी याला स्पॅम म्हटलं. ना जाहिरात, ना लबाडी. निव्वळ बग! हे वाचून मला एकदम घरचं माणूस भेटल्यासारखं वाटलं.

डेप्यूंनी माफी मागितली. पण १२ एप्रिल १९९४ ला कँटर आणि सीगल या अ‍ॅरिझोनातल्या वकील दांपत्याने हेच मुद्दाम केलं. ग्रीन कार्ड लॉटरीचा अर्ज भरून देण्याची जाहिरात त्यांनी पाच हजारांहून जास्त ग्रुपवर टाकली. माफी सोडाच, अशी कमाई कशी करावी यावर त्यांनी पुस्तक काढलं. पुढे हाच शब्द नकोशा ईमेललाही चिकटला. हॉर्मेल कंपनी मात्र नाव वाचवायला कोर्टकचेऱ्या करत राहिली. चोर सोडून संन्याशाला फाशी.

वस्तुस्थिती अशी की रोग नावाहून जुना आहे. ३ मे १९७८ ला डेक कंपनीच्या गॅरी थर्कने नव्या कॉम्प्युटरच्या डेमोचं आमंत्रण अर्पानेटवरच्या चारेकशे लोकांना पाठवलं. कॉम्प्युटर खरा, डेमो खरा, तरी लोक भडकले. कारण कोणी मागितलं नव्हतं.

त्याच्याही आधी, नोव्हेंबर १९७५ मध्ये, जॉन पोस्टेल यांनी आरएफसी ७०६ लिहिला. विषय: नको असलेले संदेश. त्यात जाहिरातीचा उल्लेखच नाही. त्यांची काळजी अशी, की उद्या एखादा कॉम्प्युटर बिघडला आणि दुसऱ्याला संदेशांवर संदेश पाठवत सुटला, तर घेणाऱ्याला 'नको' म्हणायची सोयच नाही. सगळं वाचूनच बाजूला करावं लागणार.

म्हणजे १९७५ सालीच माझं वर्णन लिहून ठेवलं होतं!

आपण हेतूवरून भांडत बसतो, की माझी मेल खरी होती, उपयोगाची होती. तो हिशेब पाठवणाऱ्याचा. घेणाऱ्याचा हिशेब वेगळा. त्या सकाळी कोणाची तरी महत्त्वाची मेल माझ्या दीडशे मेल्सखाली दबली असणार. वायकिंग मीच होतो.

असो. त्या दिवशी सगळ्यांना माफीची मेल पाठवायचं काम अर्थात माझ्याकडेच आलं. पाठवण्याआधी मॅनेजर टेबलाशी येऊन उभा राहिला आणि हळूच म्हणाला, "हाताने पाठव. आणि एकदाच."