प्लेगकाळातील विलगीकरण आणि शुश्रूषा : मुंबईचे आर्थर रोड रुग्णालय

महाराष्ट्रातील प्लेगचा इतिहास बहुधा 22 जून 1897 रोजी पुण्यात रँडवर झालेल्या हल्ल्याभोवती लिहिला जातो. त्यामुळे रुग्णालयाच्या भिंतीआड रुग्णांचे काय होत होते, हा प्रश्न मागे पडतो. प्रस्तुत लेखात मुंबईच्या आर्थर रोड रुग्णालयाच्या संदर्भात त्याचा विचार केला आहे.

संसर्गजन्य रोगांसाठी 1892 मध्ये स्थापन झालेले हे रुग्णालय आज कस्तुरबा रुग्णालय म्हणून ओळखले जाते. सप्टेंबर 1896 मध्ये मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केल्यावर महापालिकेने रुग्णांना सक्तीने येथे हलविण्यास आरंभ केला. येथे नेलेला माणूस परत येत नाही, ही समजूत दृढ झाली. रुग्णांची काळजे काढून राणीकडे पाठविली जातात, अशीही वदंता होती. 29 ऑक्टोबर 1896 रोजी सुमारे एक हजार गिरणी कामगारांनी रुग्णालयावर हल्ला केला. या घटनेस केवळ अज्ञान म्हणून निकालात काढणे योग्य होणार नाही. बरेचसे रुग्ण मरणपंथाला लागल्यावरच आणले जात; ते दगावले की भीती वाढे, आणि भीतीपोटी पुढचा रुग्ण आणखी उशिरा येई.

डॉ. नसरवानजी चोक्सी यांनी येथे प्लेगच्या रुग्णांवर दीर्घकाळ उपचार केले व विविध रक्तजल-लसींचे प्रयोगही केले. तथापि, खात्रीचे औषध त्या काळी नव्हतेच. स्ट्रेप्टोमायसिन 1940 च्या दशकात आले. उरली ती शुश्रूषा. रुग्णास निजवून ठेवणे, हृदयास बळ देणे, पाणी व पातळ अन्न देत राहणे. हे काम आपल्या माणसांच्या हातून व्हावे, ही लोकांची अपेक्षा होती. म्हणूनच मुंबईत ज्ञातीनिहाय रुग्णालये निघाली, पुण्यात लोकमान्य टिळकांच्या पुढाकाराने हिंदू प्लेग रुग्णालय उभे राहिले. पुत्र डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात रुग्णसेवा करताना सावित्रीबाई फुले यांना प्लेगने गाठले व 10 मार्च 1897 रोजी त्यांचे निधन झाले.

विलगीकरणाचे शास्त्रीय गृहीतक मात्र पुढे डळमळीत झाले. 1905 पासून परळच्या प्रयोगशाळेत झालेल्या संशोधनाने उंदरावरील पिसवांमार्फत गाठीचा प्लेग पसरतो, हे सिद्ध केले. फुप्फुसाचा प्लेग वगळता माणसापासून माणूस दूर करण्याने साथ थांबणार नव्हती. दूर व्हायचे ते उंदीर पडलेल्या घरापासून!

वऱ्हाडात प्लेगच्या साथी आल्या त्या काळात बाळापूर परिसरातील बहुसंख्य जनता खेड्यांत राहत होती आणि मुंबईसारखी रुग्णालये तिच्या आवाक्याबाहेर होती. उंदीर पडू लागले की घराला कुलूप घालून शेतात वा माळावर झोपड्या बांधून राहण्याची रीत ग्रामीण भागात सर्वत्र रूढ झाली. पिसवांचा सिद्धांत ठाऊक नसतानाही ती रोगाच्या मुळावरच घाव घालीत होती. झोपडीत आजारी पडलेल्याच्या उशाशी मात्र घरचेच माणूस बसलेले असे.