‘अपघात’ आणि ‘विपत्तु’ : मुंबई-मद्रासच्या गिरण्यांतील इजांचा तौलनिक विचार

यंत्राने कामगाराला झालेल्या गंभीर इजेस मराठीत ‘अपघात’ म्हणतात, तमिळमध्ये ‘विपत्तु’. दोन्ही शब्दांचे मूळ संस्कृतात आहे. पहिल्यात आघात आहे, दुसऱ्यात ओढवलेले संकट. मात्र त्याला जबाबदार कोण, हे दोन्ही शब्द सांगत नाहीत. गिरणी कामगारांच्या मागण्यांनी हे मौन कितपत मोडले, हा प्रस्तुत टिपणाचा प्रश्न होय.

इजेची कारणे डोळ्यांसमोर होती. एका इंजिनाची शक्ती छतालगतच्या फिरत्या दंडावरून पट्ट्यांद्वारे अनेक यंत्रांना मिळे. उघडे पट्टे, दातेरी चाके, धोतराचा सुटा सोगा, दीर्घ पाळीचा शीण आणि चालू यंत्राचीच सफाई यांमुळे हात जात. 1881 च्या कारखाना कायद्याने धोकादायक यंत्रांना कुंपण आवश्यक ठरवले. प्रौढांच्या कामाच्या तासांना मात्र मर्यादा घातली नाही.

1884 मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईच्या गिरणी कामगारांनी सुमारे साडेपाच हजार सह्यांचे निवेदन सादर केले. साप्ताहिक सुटी व दुपारची विश्रांती यांबरोबरच, जखमी कामगारास बरा होईपर्यंत पूर्ण वेतन आणि कायमचे अपंगत्व आल्यास उपजीविकेची तरतूद, अशी मागणी त्यात होती. इजा येथे दैवाची न राहता देण्याघेण्याची, म्हणजे न्यायाची बाब झाली.

27 एप्रिल 1918 रोजी स्थापन झालेल्या मद्रास लेबर युनियनचे अध्यक्ष बी. पी. वाडिया हे मूळचे मुंबईचे. पेरांबूरच्या बकिंगहॅम व कर्नाटिक गिरण्यांतील कामगारांची एक ठळक तक्रार दुपारच्या अर्ध्या तासाच्या अपुऱ्या सुटीची होती. वरवर ती इजेची मागणी नाही. परंतु थकलेला हात यंत्रापासून वेळीच मागे येत नाही, हे लक्षात घेतल्यास दोन्ही शहरांतील विश्रांतीची मागणी ही प्रतिबंधाचीच मागणी ठरते.

1923 च्या कायद्याने भरपाई मान्य केली. 1948 च्या कायद्याने कुंपणाचे नियम विस्तारले आणि स्त्रिया व अल्पवयीनांना फिरत्या मुख्य यंत्रणेची सफाई करण्यास मनाई केली. भरपाई इजेनंतर येते, कुंपण व विश्रांती इजेपूर्वी. चेन्नईलगतच्या श्रीपेरुंबुदूर-ओरगडम पट्ट्यात आज वाहनांचे सुटे भाग घडतात. दोन्ही हातांनी दोन कळा दाबल्याखेरीज न चालणारे दाबयंत्र हा त्याच विचाराचा वारस होय. अशी सोय नसताना चौकशीत केवळ ‘कामगाराचा निष्काळजीपणा’ नोंदवला गेला, तर भाषा पुन्हा 1884 च्या अलीकडे जाते.