एकास त्रेचाळीस

खेळण्यातल्या गाड्या गोळा करणारा, किंवा त्यांची मॉडेलं बनवणारा कोणी भेटला तर त्याला एक प्रश्न नक्की विचारा. गाड्यांच्या मॉडेलांचं प्रमाण १:४३ का असतं? ४० का नाही, ५० का नाही? आपल्या धंद्यात असे विचित्र आकडे नवीन नाहीत. प्रत्येक जुन्या कोडमध्ये एखादा ४३ दडलेला असतोच. तो कोणी टाकला हे कोणालाच माहीत नसतं, आणि काढायची हिंमतही कोणी करत नाही. एका वीकांताला मी या ४३ च्या मागे लागलो, तर तो निघाला थेट रेल्वेच्या रुळांवर.

लिव्हरपूलच्या बिन्स रोडवर फ्रँक हॉर्नबीचा मेकॅनोचा कारखाना होता. तिथे खेळण्यातल्या आगगाड्याही बनायच्या. त्यातल्या 'ओ गेज'च्या रुळांमधलं अंतर ३२ मिलिमीटर, आणि ब्रिटिशांनी त्यासाठी ठरवलेलं माप म्हणजे खऱ्या एका फुटाला ७ मिलिमीटर. एक फूट म्हणजे ३०४.८ मिमी. भागिले ७. आले ४३.५! आता आगगाडी आली म्हणजे स्टेशन आलं, हमाल आले आणि स्टेशनाबाहेर उभ्या राहायला मोटारीही आल्या. १९३३ च्या शेवटी या कारखान्याने त्या मोटारी काढल्या आणि १९३४ मध्ये त्यांचं नाव 'डिंकी टॉईज' झालं. म्हणजे फूट इंग्रजी, मिलिमीटर फ्रेंच, आणि दोघांच्या या आंतरजातीय विवाहातून जन्मलेलं माप आजही जगभरातल्या मॉडेलवाल्यांच्या मानगुटीवर बसलंय :)

(पुण्यात कोथरूडला जोशींचं लघुरेल्वे संग्रहालय आहे, तिथलं प्रमाण १:८७. ते याच ओ गेजचं निम्मं, फुटाला साडेतीन मिमी. आमच्या नागपूर-नागभीड नॅरोगेजचे रूळ अडीच फुटांवर होते, म्हणजे १:४३ च्या दुनियेत साधारण साडेसतरा मिमी. पवनी रोड स्टेशन याच मार्गावरचं. २०१९ मध्ये ती गाडी बंद झाली. तिचं मॉडेल कोणीतरी करायला हवं. असो.)

आता मूळ गाडीकडे वळू. मार्च १९६१ मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात जॅग्वारने ई-टाईप दाखवली. पाहुण्यांसाठी दोनच गाड्या होत्या. ९६०० एचपी नंबरची बंद टपाची गाडी कॉव्हेंट्रीहून रस्त्याने धावत ऐन वेळेला पोचली. लोकांची गर्दी इतकी झाली की दुसरी, ७७ आरडब्ल्यू नंबरची उघडी गाडी, नॉर्मन ड्यूइस या टेस्ट ड्रायव्हरने रातोरात हाकत आणली. तिच्या देखणेपणावर ढीगभर लिहिलं गेलंय, त्यात मी भर घालत नाही. मला भावतो तो तिचा आकार काढणारा माल्कम सेयर. युद्धकाळात तो ब्रिस्टलच्या विमान कंपनीत होता आणि १९५१ मध्ये जॅग्वारमध्ये आला. 'स्टायलिस्ट' म्हटलेलं त्याला खपायचं नाही. गाडीचे वळसे तो स्लाईड रूल आणि लॉग टेबल घेऊन बिंदू-बिंदूने गणिताने काढायचा. संगणक नाही, कॅड नाही. म्हणजे ई-टाईपचं बॉनेट हे एका अर्थी हाताने चालवलेलं प्रोग्रॅमिंगच. मॉडेलवाल्याला हे वरदान आहे, कारण जे गणिताने काढलंय ते लहान करतानाही गणितानेच करता येतं. दोन चाकांमधलं अंतर ९६ इंच, म्हणजे बरोबर ८ फूट. फुटाला ७ मिमी धरलं तर ५६ मिमी. १:२४ मध्ये, जिथे फुटाला अर्धा इंच असतो, तिथे बरोबर ४ इंच. कुठेही अपूर्णांक नाही. इतकी सरळ बेरीज क्वचितच भेटते.

हे सगळं पवनीच्या पोराला का सुचावं? तर आमच्या घरात एक जॅग्वार होती. मोठे बाबा (म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, पुण्यात हे दर वेळी समजावून सांगावं लागतं) रेल्वेत होते. भंडारा रोड हे स्टेशन हावड्याच्या लाईनवर, त्यामुळे त्यांची कलकत्त्याला ये-जा असायची. १९७० च्या सुमारास त्यांनी आमच्या दादासाठी तिथून ती आणली. पुढे चुलतभावंडांची अख्खी रांग पार करून ती माझ्याकडे आली, एका टायराशिवाय. सोबत मोठ्या बाबांची ताकीद होती, "खेळ लेका, पन चाकं काढू नोको."

गाडीच्या बुडाच्या पत्र्यावर 'निकी टॉईज' लिहिलंय. या निकीची गोष्ट मला डिंकीपेक्षाही आवडते. तेव्हा आयातीवर कडक बंधनं होती, विलायती खेळणी दुकानात येणं कठीण. मग १९६० च्या दशकाच्या अखेरीस डिंकीने वापरून झालेले काही साचेच कलकत्त्याच्या एका कंपनीला दिले. ई-टाईप, डी-टाईप, एमजीबी असल्या गाड्या कलकत्त्यात ओतल्या जाऊ लागल्या. पुढे नाव वापरायची सोय राहिली नाही, तेव्हा साच्यातलं 'डिंकी' खोडून तिथे 'निकी' केलं गेलं. रंग जाड आणि कडा बोथट, पण साचा अस्सल लिव्हरपूलचा. बिन्स रोडचा कारखाना १९७९ मध्ये बंद पडला.

विचार करा, त्या काळात भारतात रस्त्यावर काय होतं? अँबॅसॅडर, फियाट, आणि मद्रासला बनणारी स्टँडर्ड हेरल्ड. गंमत म्हणजे विलायतेत ट्रायम्फने याच हेरल्डची चॅसी आखूड करून १९६२ मध्ये स्पिटफायर ही स्पोर्ट्स कार काढली. म्हणजे स्पोर्ट्स कारचा सांगाडा आपल्याकडे होता, वरची मजा तेवढी नव्हती! आपल्यातल्या बहुतेकांच्या आधीच्या पिढीने जॅग्वार पाहिली ती बोटभर लांबीचीच.

मोठा झाल्यावर मी ती फुटपट्टीने मोजली. खरी ई-टाईप ४४५३ मिमी लांब, म्हणजे १:४३ ला सुमारे १०४ मिमी भरायला हवी. आमची भरली ९२ च्या आसपास. हे झालं १:४८! नाक आखूड, टायर जाडजूड. खेळणं बनवणाऱ्याला प्रमाणाशी देणंघेणं नसतं. ते खोक्यात बसलं पाहिजे, पोराच्या हातात टिकलं पाहिजे आणि त्याच्या खिशाला परवडलं पाहिजे. त्याला दोष नाही. आमच्याकडे तान्हा पोळ्याला लहान मुलं चाकांवरचे लाकडी बैल ओढत घरोघर बोजारा मागत फिरतात. नागपूरकर भोसल्यांनी ही प्रथा सुरू केली असं सांगतात. त्या बैलाचं कुठलंच माप खऱ्या बैलाशी जुळत नाही. वशिंड भलतंच मोठं, पाय खुंटासारखे. पण सुताराच्या ओट्यावर दहा बैल मांडलेले असले तरी चांगला कुठला हे सहा वर्षांचं पोरगं सांगतं. सुताराला काय मोठं करायचं आणि काय सोडून द्यायचं ते कळलेलं असतं. डिंकीच्या कारागिरांनाही ते कळलेलं होतं, नाहीतर ९२ मिमीची ती गाडी दुरून बघताक्षणी ई-टाईप वाटली नसती.

पण अचूक मॉडेल ही वेगळीच जात आहे. तिथे 'ई-टाईपचं मॉडेल' असं काही नसतंच. कुठली गाडी, कुठल्या महिन्याची, हे आधी सांगावं लागतं. पहिल्या जेमतेम ५०० गाड्यांना बॉनेटची कुलपं बाहेरून होती, ती उघडायला वेगळी किल्ली लागायची. पुढे ती आत गेली. गाडीचा तळही सुरुवातीला सपाट होता, १९६२ मध्ये पाय ठेवायला तो खोलगट केला. म्हणजे बाहेरची कुलपं आणि खोलगट तळ एका मॉडेलवर दिसले की समजावं, कर्त्याने घाई केली. आणि चाकं! प्रत्येक चाकात ७२ तारा. १:२४ मध्ये चार मिमीची तार ०.१७ मिमी होते, म्हणजे मासे धरायची बारीक दोरी. चार चाकांच्या २८८ तारा, स्टेपनी झाकून ठेवली तर. वीकांताला मी फोन का उचलत नाही ते कळलं असेलच.

आता गोष्टीतलं खरं वळण. जून २००८ मध्ये टाटा मोटर्सने जॅग्वार आणि लँड रोव्हर फोर्डकडून २.३ अब्ज डॉलरला घेतल्या. निकीच्या साच्यांनंतर चाळीसेक वर्षांनी मूळ गाडीचं घराणंच बॉम्बे हाऊसकडे आलं. आणि टाटांच्या काळात जॅग्वारने एक अजब काम काढलं. १९६३ मध्ये हलक्या अ‍ॅल्युमिनियमच्या १८ ई-टाईप बनवायच्या ठरल्या होत्या, बनल्या १२. उरलेल्या सहा त्यांनी २०१४ पासून बनवल्या, जुन्या यादीतले राखीव नंबर देऊन. मग फेब्रुवारी १९५७ च्या कारखान्यातल्या आगीत जळालेल्या नऊ एक्सकेएसएस. मग २०१८ मध्ये ठरलेल्या शंभरातल्या न बनलेल्या २५ डी-टाईप. एकेकीची किंमत दहा लाख पौंडांच्या वर. माझ्या मते ही सरळसरळ मॉडेलं आहेत. प्रमाण फक्त १:१.

त्यातल्या त्या सहा ई-टाईपसाठी त्यांनी जुनी गाडी स्कॅन केली. बॉडीचे २३० भाग मोजले. आणि मग? एकच बाजू घेतली आणि आरशासारखी उलटून दुसरी केली, म्हणजे डावी-उजवी तंतोतंत जुळतात. जुन्या बाराच्या बारा हातांनी ठोकलेल्या, त्यांच्या दोन्ही बाजू इतक्या जुळणं शक्यच नाही. मग अचूक कुठली? सेयरच्या तक्त्यातले आकडे नव्या गाडीत जास्त खरे उतरले असणार. पण ज्या गाड्या १९६३ मध्ये शर्यतीत पळाल्या, त्यांच्यापासून ती तितकीच लांब गेली. मित्रांमध्ये यावर दोन तट आहेत. "कॅडमध्ये मिरर कमांड असताना दोनदा कशाला काढतोस?" हा पहिला तट, आणि तो बहुसंख्य. माझा कल दुसरीकडे आहे. मिरर मारला की ती कोणाचीच गाडी राहत नाही, फक्त आकार उरतो.

सध्या टेबलावर ९६०० एचपी आहे, १:२४, करड्या रंगाची. ती गाडी अजून शाबूत आहे आणि तिचे दोन्ही बाजूंनी भरपूर फोटो निघालेत. त्यामुळे बॉनेटची डावी बाजू वेगळी काढतोय आणि उजवी वेगळी. फाईल दुप्पट, वेळ चौपट. तारांची चाकं आता दिवाळीनंतरच.