एकशे अठ्ठावीस बाइटांचा संसार

जुन्या झालेल्या वस्तूचं काय करायचं, याबाबत जगात दोन पंथ आहेत. पहिला पंथ ती भंगारवाल्याला देतो, दुसरा माळ्यावर टाकतो. आपण बहुतेक सगळे दुसऱ्या पंथातले. आमच्या माळ्यावर अजून एक स्टोव्ह आहे. त्याला पिन मिळत नाही, पण "असू दे, लागतो कधीतरी" या एका वाक्यावर त्यानं चाळीस वर्षं काढली आहेत. तिसराही एक पंथ आहे, याचा पत्ता मला साठी उलटल्यावर आणि तोही अमेरिकेत लागला. हा पंथ जुन्या वस्तूसाठी नवी वस्तू तयार करतो. म्हणजे ग्रामोफोन बंद पडून जमाना लोटल्यावर त्याच्यासाठी ताज्या चालीची नवी तबकडी काढायची, त्यातला प्रकार.

माझा भाचा कॅलिफोर्नियात सनीव्हेल नावाच्या गावी असतो. दिवसा तो एका मोठ्या कंपनीत नोकरी करतो. काय करतोस म्हणून विचारलं तर म्हणाला, "मामा, आमच्या ॲपमध्ये एक बटण आहे. ते बटण आमची टीम बघते." टीममध्ये अकरा माणसं. एका बटणाला अकरा माणसं म्हणजे आमच्या बँकेतसुद्धा कुणी मान्य केलं नसतं. पण परदेशात बोलू नये म्हणून गप्प बसलो. रात्री मात्र हाच मुलगा एकटा बसून एक अख्खा व्हिडिओ गेम तयार करत होता. तोही कशासाठी, तर १९७७ साली निघालेल्या आणि १९९२ च्या सुरुवातीला कंपनीनंच बंद केलेल्या अटारी २६०० या यंत्रासाठी!

हे यंत्र काढणारी कंपनीही याच सनीव्हेलमधली. दर्शनी बाजूला लाकडी दिसणारी पट्टी, चार-सहा खटके, एक दांडा असलेली हातातली मूठ आणि वरच्या खाचेत घालायची कार्ट्रिज. आपल्याकडची मुलं जिला 'कॅसेट' म्हणत ती. किंमत १९९ डॉलर. घडवताना त्याचं टोपणनाव ठेवलं होतं 'स्टेला'. कुणाला वाटेल, प्रेयसीचं असावं. एका इंजिनिअरच्या सायकलीचं होतं. जगभरात अशी तीनएक कोटी यंत्रं खपली.

आता या यंत्राची स्मरणशक्ती ऐका. एकशे अठ्ठावीस बाइट. किलो नाही, मेगा नाही, नुसते बाइट. मला बाइटातलं काही कळत नाही, म्हणून भाच्यानं लग्नपत्रिकेच्या भाषेत सांगितलं. आजच्या पद्धतीनं देवनागरीतल्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात; काना, वेलांटी आणि जोडाक्षराचा पाय हीसुद्धा वेगळी चिन्हं. त्या हिशेबानं अटारीच्या स्मृतीत 'श्री गजानन प्रसन्न' दोनदा मावतं. तिसऱ्यांदा 'श्री गजान' इथपर्यंत येता येतं, शेवटचा 'न' बाहेर राहतो! एवढ्याशा जागेत खेळाडू कुठे आहे, गुण किती झाले, चेंडू कुठल्या दिशेला निघाला, हे सगळं ठेवायचं. खेळाचा मजकूर असतो कार्ट्रिजमध्ये, पण तिथेही यंत्राला एका वेळी दिसतात चार किलोबाइटच.

बरं, स्मृती एवढी तोकडी, तर पडद्यावरचं चित्र साठवायचं कुठे? याचं उत्तर असं की ते साठवायचंच नाही. इतर यंत्रांत पानं आधी सगळी वाढून तयार असतात, मंडळी मागाहून बसतात. अटारीत मात्र पाहुणा पंगतीतून धावत सुटलेला असतो. हा पाहुणा म्हणजे जुन्या टीव्हीच्या नळीतला किरण. तो डावीकडून उजवीकडे एक ओळ काढतो, मग खालची ओळ, मग तिच्या खालची. एका चित्राला २६२ ओळी आणि सेकंदाला साठ चित्रं. वाढप्यानं त्याच्या एक पाऊल पुढे राहून, तो पोचायच्या आत पानात जिलबी टाकायची. एका ओळीला यंत्राचे ७६ ठोके मिळतात आणि साधी एक सूचना पाळायलाही दोन ते सात ठोके जातात. म्हणजे एका ओळीत जेमतेम वीस-पंचवीस कामं उरकायची. एक ठोका चुकला की जिलबी शेजारच्याच्या मठ्ठ्यात! पडद्यावर दिसणाऱ्या १९२ ओळी वाढून झाल्या की किरण वर परत जातो. त्या वेळी सत्तर ओळींपुरती जी उसंत मिळते, तेवढ्यात खेळाचा सगळा विचार करून घ्यायचा.

मुळात हे यंत्र घडलं ते दोन प्रकारच्या खेळांसाठी. एक चेंडू-फळीचा आणि दुसरा रणगाड्यांचा. म्हणून त्याला हलती चित्रं मिळाली पाचच. दोन खेळाडू, दोन गोळ्या, एक चेंडू. मागच्या देखाव्याची नक्षीही अर्ध्याच पडद्याची. उरलेल्या अर्ध्यात तीच पुन्हा उमटवायची किंवा उलटी करून मांडायची. पण गरजवंताला अक्कल असते. १९८० साली 'स्पेस इन्व्हेडर्स' या यंत्रावर आणताना छत्तीस राक्षस उभे करायचे होते आणि हाताशी नट दोन. यंत्राला एका नटाच्या तीन प्रती काढता येतात. दोघांच्या मिळून एका रांगेत सहा. किरण खाली उतरला की त्याच दोघांना नवे मुखवटे देऊन पुढच्या रांगेत उभं करायचं. अशा सहा रांगा. आमच्या गणेशोत्सवातल्या नाटकात एकच इसम दूत, वैद्य आणि जमाव अशी तिन्ही कामं करत असे. त्याची मला फार आठवण आली.

डेव्हिड क्रेननं १९८२ च्या 'पिटफॉल!' मध्ये जंगलातले २५५ देखावे बसवले. ते त्यानं साठवले नाहीत. एका आकड्यावरून पुढचा आकडा काढणारं छोटंसं गणित लिहिलं आणि त्या आकड्यातून झाड, खड्डा, मगर सगळं उगवून घेतलं. त्याच वर्षी हॉवर्ड स्कॉट वॉरशॉला 'यार्स रिव्हेंज' मध्ये झगमगता पट्टा हवा होता आणि चित्राला जागा नव्हती. त्यानं खेळाचा मजकूरच पडद्यावर चित्र म्हणून सोडून दिला. कोंड्याचा मांडा म्हणतात तो हा.

आणि या सुगरणींची नावं? कंपनी ती कुठेच छापत नसे. वॉरन रॉबिनेट हा असाच एक पगारी कारागीर. त्यानं 'ॲडव्हेंचर' नावाचा खेळ एकट्यानं रचला आणि त्यात एक गुप्त खोली ठेवली. करड्या भिंतीत करडाच एक ठिपका. तो उचलून नेमक्या जागी नेला की ती खोली उघडते आणि आत त्याचं नाव लिहिलेलं दिसतं. साहेबांना पत्ता नाही. खेळ बाजारात आला तोवर हा नोकरी सोडून गेलेला. १९८० साली एका मुलाला ती खोली सापडली आणि त्यानं कंपनीला पत्र लिहिलं, तेव्हा गौप्यस्फोट झाला. आपण शाळेच्या बाकावर करकटकानं नाव कोरतो तसंच हे. फरक इतकाच, की बाक आपण बनवलेला नसतो. त्याआधीच १९७९ मध्ये क्रेन आणि त्याचे तीन सहकारी बाहेर पडले होते. श्रेय आणि पैसा दोन्हींवरून बिनसलं, म्हणून त्यांनी ॲक्टिव्हिजन ही स्वतःची कंपनी थाटली आणि खेळाबरोबर कर्त्याचं नाव छापायला सुरुवात केली.

पुढे बाजार बुडाला. वॉरशॉला 'ई.टी.' साठी जेमतेम पाच आठवडे मिळाले. न खपलेला माल १९८३ मध्ये न्यू मेक्सिकोतल्या ॲलमोगोर्डो गावच्या उकिरड्यात पुरला आणि २०१४ मध्ये तो लोकांनी चक्क उत्खनन करून वर काढला. मोहेंजोदडोला थांबावं लागलं त्या मानानं हे फारच लवकर झालं.

पण यंत्राचा बाजार उठला आणि त्याचे दिवस फिरले. कंपनीनं हात काढून घेतल्यावर, १९९० च्या दशकात हौशी मंडळींनी त्याचा ताबा घेतला. जुन्या कार्ट्रिजा उघडून आतली चिप काढायची आणि तिथे आपला खेळ घालायचा. १९९६ मध्ये संगणकावर अटारीची हुबेहूब नक्कल करणारा प्रोग्राम निघाला, त्याचंही नाव त्या सायकलीवरून 'स्टेला'च. या छंदात पैसा नाही. माझ्या बहिणीनं फोनवर मुलाला विचारलं होतं, "अरे, पण हे विकत कोण घेणार?" तो म्हणाला, "आई, शंभर जणांनी घेतलं तरी दिवाळी." ती म्हणाली, "त्यापेक्षा पोहायला जा."

एड फ्राइस हे तर मायक्रोसॉफ्टचे बडे अधिकारी. पहिल्या एक्सबॉक्सच्या वेळी तिथला खेळांचा सगळा कारभार त्यांच्या हाताखाली होता. नोकरी सोडल्यावर त्यांनी 'हेलो' हा अवाढव्य खेळ अटारीच्या चार किलोबाइटांत बसवायला घेतला आणि २०१० मध्ये लोकांसमोर ठेवला. २०१३ साली तो वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन अमेरिकन आर्ट म्युझियमनं आपल्या संग्रहात घेतला.

मोठ्या माणसांनी असे उलटे जिने का उतरावेत, ते मला भाच्याकडे बघून उमगलं. तो करत होता लगोरी. बघा, दोन खेळाडू, एक चेंडू, मध्ये चकत्यांचा ढीग. यंत्र जणू लगोरीसाठीच घडवलेलं! चेंडू बसला की ढीग ढासळला पाहिजे. तो ढासळवायला त्याला तीन आठवडे लागले. एका रात्री हिशेबाची वही पुढे घेऊन बसला होता. म्हणालो, "झोप आता." म्हणाला, "मामा, नऊ बाइट सापडले तर माझं नाव बसतं." मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या खात्यांतले पैसे शोधून ताळेबंद जुळवले, त्यामुळे ही तहान मला लगेच ओळखू आली. पहाटे दोनला ते नऊ बाइट सापडले. सातव्या चकतीची किनार आधी पाव रेघ जाड होती, ती त्यानं काढून टाकली.

कंपनीतल्या त्या बटणामागे लाखो ओळींचा मजकूर आहे. तो सगळा कुणा एकाला ठाऊक नाही, असणंही शक्य नाही. या चार किलोबाइटांतला मात्र प्रत्येक बाइट त्याच्या ओळखीचा आहे. कुणाला कुठे बसवलं आणि का, हे तो झोपेतही सांगेल. एखादं काम पहिल्यापासून शेवटपर्यंत आपलं आहे, असं म्हणायला हल्ली एवढी लहान जागा शोधावी लागते. ती सापडली की मग ते यंत्र बंद पडून किती वर्षं झाली, याला फारसा अर्थ राहत नाही. रॉबिनेटला स्वतःचं नाव भिंतीत लपवावं लागलं होतं. आमच्या लगोरीत ते पहिल्याच पडद्यावर येतं, चांगलं ठळक. फक्त जागेअभावी आडनाव तेवढं गाळलं आहे.