ट्रूबडूर
अमेरिकेतील वेस्ट हॉलिवुड (कॅलिफोर्निया) येथील, लोकसंगीत व रॉक संगीताच्या प्रत्यक्ष कार्यक्रमांसाठी प्रसिद्ध असलेला क्लब. क्लबच्या नावातील ट्रूबडूर म्हणजे मध्ययुगीन दक्षिण फ्रान्समधील कवि-गायक. डग वेस्टन यांनी १९५७ मध्ये कॉफीगृहाच्या स्वरूपात क्लबची स्थापना केली. पुढे तो सँटा मोनिका बूलव्हार्डवर आला. श्रोतृक्षमता सु. ५००. सोमवारच्या खुल्या मंचावर नवोदितांना गाण्याची संधी मिळे. दर्शनी भागातील बार हे संगीतकारांचे भेटीचे ठिकाण होते. एल्टन जॉन यांचा अमेरिकेतील पहिला कार्यक्रम येथेच झाला (२५ ऑगस्ट १९७०). १९७० च्या दशकारंभी जेम्स टेलर, कॅरल किंग आदींच्या गायनामुळे गायक-गीतकार परंपरेच्या (पहा : लोकसंगीत, रॉक संगीत) जडणघडणीत या क्लबला महत्त्वाचे स्थान लाभले.