शक्ती कोणाची? आबे फारिया यांचे उत्तर

पणजीला मांडवीच्या काठी, जुन्या सचिवालयाशेजारी एक पुतळा आहे. पायघोळ झगा घातलेला एक पुरुष हात पसरून उभा आहे आणि त्याच्यासमोर एक स्त्री मागे कलली आहे. शिल्पकार रामचंद्र पांडुरंग कामत यांची ही कृती १९४५ साली उभारण्यात आली. अनोळखी पाहुण्याला हा एखादा मांत्रिक असावा असे वाटते. वस्तुतः ज्यांचा तो पुतळा आहे, त्या धर्मगुरूंनी आपल्या अंगी कोणतीही अद्भुत शक्ती नाही, हेच लोकांना पुनःपुन्हा सांगितले.

जुझे कुस्तोदियो दे फारिया यांचा जन्म १७५६ साली बार्देशातील कांदोळी गावी झाला. १७७१ साली ते वडिलांबरोबर पोर्तुगालला गेले. १७८० साली रोममध्ये त्यांना गुरुदीक्षा मिळाली आणि १७८८ साली ते पॅरिसला पोहोचले.

त्या काळी पॅरिसवर मेस्मर या वैद्याच्या मताचा मोठा पगडा होता. विश्वात एक अदृश्य द्रव भरलेला आहे. काही व्यक्ती तो आपल्या हातांतून रोग्याच्या देहात सोडू शकतात, असे तो म्हणे. अशा उपचारांनी निद्रिस्त झालेली माणसे परक्याचे रोग ओळखतात, दूरचे पाहतात, असेही दावे पुढे होऊ लागले. १७८४ साली फ्रान्सच्या राजाने चौकशी समिती नेमली. बेंजामिन फ्रँकलिन व रसायनशास्त्रज्ञ लाव्वाझिए हे तिचे सदस्य होते. मेस्मरच्या एका शिष्याने फ्रँकलिन यांच्या बागेतील एका झाडावर शक्तीचा प्रयोग केला. मग एका मुलाचे डोळे बांधून त्याला झाडाझाडापाशी नेण्यात आले. मुलगा मूर्च्छित पडला खरा, पण भलत्याच झाडाखाली! परिणाम द्रवाचा नसून कल्पनेचा आहे, असा निर्णय समितीने दिला.

मात्र एक प्रश्न उरला. द्रव खोटा असेल, तर माणसे खरोखरच निद्रिस्त होतात ती कशामुळे? त्याचे उत्तर फारिया यांनी शोधले. १८१३ साली त्यांनी पॅरिसमध्ये जाहीर प्रयोग सुरू केले. ते समोरच्या व्यक्तीला स्वस्थ बसवीत, डोळे मिटून झोपेवर मन एकाग्र करावयास सांगत आणि मग ठाम आवाजात ‘झोपा’ अशी आज्ञा देत. हातवारे नाहीत, लोहचुंबक नाही. प्रयोग करणाऱ्याकडून काहीच जात नाही. जे घडते ते झोपणाऱ्याच्याच मनात घडते, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्यांची सर्वच मते टिकली नाहीत. रक्ताच्या पातळपणामुळे काहींना अशी झोप लवकर लागते, हे त्यांचे मत आज कोणी मानीत नाही. परंतु मूळ सिद्धान्त टिकला. पुढे नान्सी येथील वैद्यांनी सूचनेच्या सामर्थ्याचा जो अभ्यास केला, त्याची वाट फारिया यांनीच दाखविली होती.

या सत्याची किंमत त्यांनी मोजली. द्रववाद्यांना ते नकोसे झाले. काही धर्मपंडितांना त्यात सैतानाचा हात दिसला. एका नटाने झोपेचे सोंग घेऊन भर सभेत त्यांची फजिती केली आणि १८१६ साली त्यांची टर उडविणारे प्रहसन रंगभूमीवर आले. १८१९ साली, त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला त्याच वर्षी, पॅरिसमध्येच त्यांचे निधन झाले.

आपल्यातही हरवलेली वस्तू सांगणारे, हाताच्या स्पर्शाने व्याधी घालविण्याचा दावा करणारे अधूनमधून येतात आणि दुःखाने पोळलेली कुटुंबे त्यांच्या दारी जातात. रोग्याला बरे वाटले, तरी त्यावरून दावा सिद्ध होत नाही. तो आराम त्याच्या स्वतःच्या आशेतूनही आलेला असू शकतो. त्या भरवशावर औषध थांबविले, तर जीव धोक्यात येतो.

अशी शंका घेणे म्हणजे अश्रद्धा नव्हे. पुढे चौदावे बेनेडिक्ट या नावाने पोप झालेल्या लांबेर्तिनी यांनी अठराव्या शतकातच, एखादा रोग चमत्काराने बरा झाला असे मानण्यापूर्वी नैसर्गिक कारणे कसून तपासावीत, असा दंडक ग्रथित केला होता. देवाच्या नावावर माणसाची शक्ती खपू नये, यासाठीच ही दक्षता. लोक ज्यांना शक्तिमान समजत होते, त्या कांदोळीच्या धर्मगुरूंनी तो मान स्वतःहून नाकारला. पणजीच्या त्या पुतळ्यापुढे उभे राहताना एवढे स्मरले, तरी पुष्कळ झाले.