शेवटच्या पानापासून वाचणारे

आमच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये एक उर्दू आणि एक मराठी वर्तमानपत्र येते. मधल्या सुट्टीत कोणालाही विचारा, प्रत्येकाने अग्रलेख वाचलेला असतो. पण संध्याकाळी शिपाई वर्तमानपत्रांची घडी घालतो, तेव्हा चुरगळलेले पान अग्रलेखाचे नसते. ते खुनाचे, घटस्फोटाचे आणि सिनेनटांच्या भानगडींचे असते. मीही त्याच वाचकांपैकी एक. वाचते आणि वर मनाला लावूनही घेते. या चोरट्या आनंदाचा इतिहास शोधू गेले, तेव्हा तो आपल्या उर्दू पत्रकारितेच्या घरातच सापडला.

सर सय्यद अहमद खान यांनी डिसेंबर 1870 मध्ये 'तहज़ीबुल अख़लाक़' काढले. इंग्लंडमधल्या 'टॅटलर' आणि 'स्पेक्टेटर' या नियतकालिकांचा आदर्श त्यांच्यापुढे होता. शिक्षण, चालीरीती, धर्मविचार असे त्याचे गंभीर विषय. सात वर्षांनी, 1877 मध्ये, लखनौहून मुन्शी सज्जाद हुसैन यांचे 'अवध पंच' निघाले. व्यंगचित्रे, कोपरखळ्या आणि बड्याबड्यांच्या टोप्या उडवणे हा त्याचा धंदा. अकबर इलाहाबादी त्यात लिहीत. सर सय्यद आणि मौलाना हाली ही 'पंच'ची ठरलेली गिऱ्हाइके. 'तहज़ीब' बंद पडत, पुन्हा सुरू होत राहिले; 'अवध पंच' मात्र 1912 पर्यंत चालले. अर्थात ते नुसते टवाळ नव्हते. उर्दू विनोदी गद्याची घडण त्यातून झाली आणि सरकारलाही हसता येते, हे वाचक तिथेच शिकले.

पुढचा योगायोग मोठा गमतीचा आहे. ज्या हालींची 'पंच'ने टर उडवली, त्यांचे पणतू ख्वाजा अहमद अब्बास. त्यांनी 1935 मध्ये मुंबईच्या 'बॉम्बे क्रॉनिकल'मध्ये 'लास्ट पेज' हे सदर सुरू केले. 'क्रॉनिकल' म्हणजे बी. जी. हॉर्निमन आणि सय्यद अब्दुल्ला बरेलवी यांच्यासारख्या संपादकांचे राष्ट्रीय बाण्याचे पत्र. स्वातंत्र्यानंतर हेच सदर रूसी करंजिया यांच्या 'ब्लिट्झ' साप्ताहिकात गेले आणि 1987 मध्ये अब्बास यांचे निधन होईपर्यंत चालू राहिले. 'ब्लिट्झ' 1 फेब्रुवारी 1941 रोजी सुरू झाले. आकाराने छोटे, मथळ्यांनी भले मोठे. त्याच्या शेवटच्या पानावर अब्बास यांचा समाजवाद आणि शेजारीच एखाद्या तोकड्या कपड्यांतल्या सुंदरीचे छायाचित्र. आपण उर्दूवाले तसेही उजवीकडून पान उघडणारे. इंग्रजी 'ब्लिट्झ' शेवटच्या पानापासून वाचायला आपल्याला निमित्तच शोधावे लागत नसे!

उर्दू 'ब्लिट्झ' 1963 मध्ये निघाले. त्यात अब्बास 'आज़ाद क़लम' लिहीत. गीतकार हसन कमाल यांनी बराच काळ त्याचे संपादन केले. माझे अब्बा सांगत, की तरुणपणी ते हा अंक दुसऱ्या एखाद्या 'शरीफ' वर्तमानपत्राच्या घडीत लपवून घरी आणत. दादाजी रागावत. मात्र अब्बा कामावर गेले, की तोच अंक दादाजींच्या उशाखाली सापडे.

गंभीर पत्रकारिता आणि सनसनाटी यांच्यामधली भिंत आपल्याला वाटते तेवढी जाड नाही. 'क्रॉनिकल'चे हॉर्निमन 'ब्लिट्झ'च्या उभारणीत करंजियांबरोबर होते. पुढे ग्रामीण पत्रकारितेत नाव मिळवलेले पी. साईनाथ 1980 च्या दशकात 'ब्लिट्झ'मध्येच होते. ज्याला आपण चटोर म्हणून हिणवतो, त्या पत्राने सत्ताधाऱ्यांना आणि धनदांडग्यांना प्रश्नही विचारले. मग या आनंदात वाईट ते काय?

त्याचे उत्तर 1959 मध्ये मिळते. 27 एप्रिल रोजी नौदलातले कमांडर कावस नानावटी यांनी पत्नीचा प्रियकर प्रेम आहुजा याच्यावर मुंबईत त्याच्या घरी गोळ्या झाडल्या. 'ब्लिट्झ'ने आठवड्यामागून आठवडे हे प्रकरण लावून धरले. नानावटी म्हणजे शीलवान देशभक्त अधिकारी, तर आहुजा श्रीमंत छचोर! चार आण्यांचा अंक दोन रुपयांना विकला जाई, असे सांगतात. रस्त्यावर खेळण्यातली 'नानावटी पिस्तुले' आणि 'आहुजा टॉवेल' विकायला आले. ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी नानावटींना निर्दोष ठरवले. न्यायाधीशांना तो निर्णय पटला नाही, म्हणून त्यांनी खटला उच्च न्यायालयाकडे पाठवला. तिथे जन्मठेप झाली आणि नोव्हेंबर 1961 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. 1964 मध्ये राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी नानावटींना माफी दिली. ज्यूरीपद्धत आधीच उतरणीला लागली होती. 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत तिला जागाच उरली नाही.

या साऱ्या गदारोळात आहुजाची बाजू कोण मांडणार होते? तो तर मेलेला. मेलेल्या माणसाला खुलासा छापून आणता येत नाही. सूरह हुजुरातमध्ये आलेल्या बातमीची शहानिशा करण्याचा आदेश आहे आणि त्याच सूरहमध्ये गीबतीची तुलना मेलेल्या भावाचे मांस खाण्याशी केली आहे. आपण हे जुम्याच्या खुतब्यात ऐकतो आणि घरी येऊन तेच पान उघडतो.

मजा दुसऱ्याच्या घरातली असते, तोवर गोड लागते. 8 सप्टेंबर 2006 रोजी शब-ए-बरातच्या दिवशी, जुम्याच्या नमाजनंतर, मालेगावात बडा कब्रस्तानजवळ स्फोट झाले. तीसहून अधिक माणसे गेली, बहुतेक आपलीच. पुढे पकडले गेले तेही मुसलमानच. त्यांची नावे मोठ्या अक्षरांत छापून आली. मी तेव्हा शाळकरी होते. मोहल्ल्यात सगळे त्या बातम्या ओठ चाटत नव्हे, दात आवळून वाचत होते. एप्रिल 2016 मध्ये विशेष न्यायालयाने त्या आरोपींना दोषमुक्त केले. सुटकेची बातमी अटकेच्या बातमीइतक्या मोठ्या टाइपात पाहिल्याचे मला आठवत नाही. आणि यात केवळ सनसनाटी पत्रे होती असे नाही. अग्रलेखवाली, इभ्रतदार पत्रेही होती. मग मला कळले, की 1959 मध्ये आहुजाच्या घरच्यांना काय वाटले असेल.

हे पान वाचणे मी सोडले आहे, असे म्हणाले तर खोटे ठरेल. स्टाफरूममध्ये मराठी वर्तमानपत्र आले, की हात अजूनही तिकडेच जातो. पण नववीच्या वर्गात अधूनमधून एक कात्रण घेऊन जाते आणि मुलींना दोनच प्रश्न विचारते : हे कोणी सांगितले? आणि ज्याच्याविषयी सांगितले, त्याला कोणी विचारले का? बहुतेक वेळा दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर कात्रणात नसते. मागच्या वेळी एका मुलीने हात वर करून विचारले, "मॅडम, मग तुम्ही तरी त्याला कुठे विचारलंत?" त्या दिवसापासून कात्रण कापताना माझी कात्री जरा थबकते.